वासराचा सांधा सुजला तर मुकामार समजू नका

आठ-दहा दिवसांचं वासरू लंगडायला लागलं की पहिला संशय मुकामारावर जातो. गाईचा पाय पडला असेल, उठताना मुरगळला असेल. मग लेप लागतो आणि दोन-तीन दिवस वाट पाहण्यात जातात. नेमके तेच दिवस महागात पडतात. एवढ्या लहान वासराचा सांधा सुजून गरम लागत असेल, तर डॉक्टर नाही म्हणेपर्यंत तो जंतुसंसर्गच धरावा.

हे जंतू बहुतेकदा नाळेतून किंवा आतड्यातून शिरतात. नाळेतली शीर थेट यकृताकडे जाते. ई. कोलायसारखे जंतू रक्तात पोचले की सांध्यांत, डोळ्यांत, मेंदूच्या आवरणातही घर करतात.

म्हणून कामाला सुरुवात जन्मापासूनच करायची. आधी चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, मिळत नाहीत, ती फक्त चिकातून येतात. आणि आतडं ती जेमतेम 24 तास शोषून घेतं, तेही दर तासाला कमी कमी. पहिल्या दोन तासांत सुरुवात करून सहा तासांच्या आत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे 30 किलोच्या वासराला सुमारे 3 लिटर चीक पोटात गेला पाहिजे. ‘आचळाला लागलं होतं’ यावर समाधान मानू नका, किती प्यालं ते पाहा.

मग नाळ. स्वच्छ वाटीत 7 टक्क्यांचं टिंचर आयोडीन घेऊन नाळ मुळापर्यंत बुडवा. नुसतं शिंपडून भागत नाही. उरलेलं औषध पुन्हा वापरू नका. व्यायची जागा कोरडी नसेल, तर या सगळ्याचा उपयोग निम्माच.

पहिले दोन आठवडे रोज हात फिरवा. बेंबी बोटाएवढी जाड, ओली, दुखरी किंवा वास मारणारी नको. पुढचे गुडघे, मागच्या पायांचे सांधे दोन्ही बाजूंनी चाचपून ताडून बघा. तोंडात बोट घाला: चोखायचा जोर कमी झाला, ही माझ्या मते सगळ्यात लवकर कळणारी खूण. डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक होणं, कान गार पडणं, पडून राहणं याही खुणा आहेत. साधारण तापमान 38.5 ते 39.5 अंश सेल्सिअस. रक्तात जंतू भिनलेल्या वासराचं ते उलट उतरलेलंही असतं, तेव्हा ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. ते येईपर्यंत वासराला कोरड्या, मऊ अंथरुणावर उबेत ठेवा. चोखत नसेल तर तोंडात दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं. सुजलेला सांधा स्वतः टोचून पू काढायचा नाही. डॉक्टर सांध्यातलं पाणी तपासतात, गरज पडल्यास सांधा आतून धुतात आणि प्रतिजैविकं देतात. हा उपचार बरेचदा आठवड्यांच्या हिशेबात चालतो. सूज उतरली, वासरू उड्या मारायला लागलं, तरी इंजेक्शनं मध्येच थांबवू नका.