जुन्या स्पोर्ट्स कारचा आपोआप सरकणारा सीट बेल्ट बिघडला तर कुठून सुरुवात करायची

दार लावलं, चावी फिरवली आणि मोटरने आपोआप मागे सरकून खांद्यावर यायला हवा तो पट्टा पुढेच अडकून बसलाय, किंवा अर्ध्या वाटेत थांबून वर नुसती घर्रघर्र चालू आहे, असं झालं की बहुतेक जण लगेच मोटर शोधायला लागतात. जरा थांबा. मोटर जळालेली असू शकते, नाही असं नाही, पण तिच्याआधी दाराचा स्विच, दारात जाणाऱ्या वायरी, दोन्ही टोकांचे लिमिट स्विच (पट्टा टोकाला पोचला की मोटर थांबवणारे) आणि ट्रॅकमधला, म्हणजे पट्टा सरकतो त्या खाचेतला, कचरा हे चार संशयित तपासायचे, कारण ते तपासायला पैसे लागत नाहीत आणि जुन्या गाडीत बिघाड जास्त करून तिथेच सापडतो.

ह्या गाड्या म्हणजे मुख्यतः अमेरिकेत विकलेल्या ८० च्या दशकाचा शेवट ते ९० च्या दशकाची सुरुवात ह्या काळातल्या, जसं की १९९० ते ९४ ची मित्सुबिशी एक्लिप्स आणि तिची भावंडं ईगल टॅलन आणि प्लिमथ लेझर, १९८९ ते ९२ चा फोर्ड प्रोब, सुबारू एसव्हीएक्स वगैरे. मोटरने सरकणारा पट्टा त्याआधी १९८१ च्या टोयोटा क्रेसिडात आला होता, पण त्याची लाट आली ती एलिझाबेथ डोल अमेरिकेच्या वाहतूक मंत्री असताना १९८४ मध्ये निघालेल्या नियमामुळे. पुढे बसलेल्या माणसाने स्वतः काहीही न करता त्याला संरक्षण मिळालं पाहिजे असा तो नियम, १९८७ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने आणि १९९० च्या मॉडेलपासून सगळ्या कारना लागू. एअरबॅग महाग पडायची म्हणून बऱ्याच कंपन्यांनी हा सरकता पट्टा लावून नियम पाळला, मग पुढे एअरबॅगच सक्तीची झाली आणि हा प्रकार बंद पडला. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की एक्लिप्ससारख्या गाडीत एअरबॅग नाहीच, पट्टा हाच तुमचा सगळा बचाव आहे, त्यामुळे तो चालत नाही तर राहू दे, नंतर बघू, असं करू नका.

आणि अजून एक, हे मी ठासून सांगतो. खांद्याचा पट्टा आपोआप येतो पण कमरेचा पट्टा हाताने लावावा लागतो, आणि ह्या गाड्यांमध्ये लोक तोच विसरतात. कमरेचा पट्टा नसेल तर धडकेत शरीर खालून पुढे सटकतं आणि खांद्याचा पट्टा गळ्यावर येतो. सिस्टीम दुरुस्त असो की नसो, कमरेचा पट्टा प्रत्येक वेळी. पट्टा पुढच्या टोकाला अडकला असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका, आधी तो मागे आणा.

काम कसं चालतं ते समजून घ्या

दाराच्या वरच्या कडेने छताला लागून एक ट्रॅक असतो, पुढच्या काचेच्या पिलरपासून (पिलर म्हणजे छताला आधार देणारा खांब) सीटमागच्या पिलरपर्यंत. त्या ट्रॅकमध्ये एक सरकता तुकडा असतो, त्याला कॅरियर म्हणू, आणि त्यालाच पट्ट्याचं वरचं टोक बकलने अडकवलेलं असतं. पट्ट्याचं दुसरं टोक दोन सीटच्या मधे गुंडाळीत जातं. कॅरियरला ओढतो तो दातेरी प्लास्टिकचा लांब टेप (काही गाड्यांत केबल), आणि टेपला फिरवते मागच्या पॅनेलमध्ये किंवा पिलरच्या तळाशी बसवलेली मोटर. दार बंद आणि इग्निशन चालू असं दोन्ही कंट्रोल युनिटला दिसलं की ते मोटरला एका दिशेने वीज देतं आणि कॅरियर मागे जातो, दार उघडलं किंवा इग्निशन बंद केलं की उलट दिशेने वीज आणि कॅरियर पुढे. दोन्ही टोकांना लिमिट स्विच असतात, कॅरियर पोचला हे ते सांगतात आणि मोटर थांबते. बस एवढंच. ह्यात गूढ काही नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

मागच्या टोकाची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच डिझाइनमध्ये कॅरियर मागे पूर्ण पोचला की तो पिलरवरच्या मजबूत अँकरमध्ये जाऊन अडकतो आणि धडकेचा जोर तो अँकर घेतो, टेप नाही. म्हणजे कॅरियर बोटभर आधी थांबला तर आरशात बघताना सगळं ठीक वाटेल, पट्टा खांद्यावरही बसेल, पण तो लॉक झालेला नसेल. म्हणून "जवळजवळ पोचतो" ह्याला दुरुस्त समजायचं नाही.

काहीही खोलण्याआधी नुसतं ऐका आणि बघा

एकच बाजू बंद आहे की दोन्ही, हा पहिला प्रश्न. दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील तर दोन मोटरी एका दिवशी मरत नसतात, तेव्हा फ्यूज, इग्निशनकडून येणारी वीज, अर्थ (वीज परत नेणारी, बॉडीला जोडलेली वायर) आणि कंट्रोल युनिट ह्यांच्याकडे वळा. एकच बाजू असेल तर त्या बाजूचं दार, स्विच, ट्रॅक, मोटर. ह्या एका प्रश्नाने निम्मं काम कमी होतं.

मग रात्रीच्या शांततेत किंवा गॅरेजमध्ये इग्निशन चालू करून दार उघडा-लावा आणि कान द्या. मोटरचा आवाज येतोय पण कॅरियर हलत नाही, तर टेपचे दाते गेलेत किंवा टेप तुटलाय. आवाज दबका, ओढाताण केल्यासारखा आणि कॅरियर जेमतेम हलतोय, तर ट्रॅक जाम आहे किंवा व्होल्टेज कमी पडतंय. फक्त रिलेची (मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचची) टिकटिक आणि बाकी शांतता, तर वीज निघतेय पण मोटरपर्यंत पोचत नाहीये किंवा मोटर गेली. टिकटिकसुद्धा नाही, तर कंट्रोल युनिटला दार लावलंय हेच कळलेलं नाही असं धरून चाला. आणि गाडी चालवताना पट्टा मधेच पुढे जातो, परत येतो, परत जातो, हे झालं तर जवळपास नक्की दाराचा स्विच किंवा त्याची वायर सुटत-लागत आहे, खड्ड्यातून जाताना होत असेल तर तर नक्कीच. टोकाला पोचूनही मोटर फिरतच राहते तेव्हा तिथला लिमिट स्विच बघायचा, आणि तो लगेच बघायचा कारण तशीच राहिली तर टेपही खाईल आणि बॅटरीही उतरवेल.

घरातला दिवा दार उघडल्यावर लागतो म्हणजे दाराचा स्विच चांगला, असं समजू नका हं. काही गाड्यांत बेल्टसाठी दाराच्या लॅचमध्ये (दार अडकवणाऱ्या कुलपात) वेगळा स्विच असतो, दिव्याचा वेगळा. वायरिंग डायग्राम असलेलं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, ह्या कामात त्याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही, आणि ते तुमच्याच मॉडेलचं आणि वर्षाचं असू द्या.

आता मल्टीमीटर काढा

सुरुवात बॅटरीपासून. इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, उगाच पट्ट्याला दोष देऊ नका. मग फ्यूज, आणि तो नुसता डोळ्यांनी बघायचा नाही, दोन्ही बाजूंना व्होल्टेज आहे का ते मोजायचं, जुन्या फ्यूजबॉक्समध्ये फ्यूज चांगला आणि खालची क्लिप गंजलेली हे सर्रास असतं.

त्यानंतर दाराच्या पुढच्या कडेला, दार आणि बॉडीच्या मधे रबरी नळी असते तिच्याकडे या. बेल्टचा स्विच लॅचमध्ये असेल तर त्याची वायर ह्यातूनच जाते. हजारो वेळा दार उघडून-लावून आतल्या वायरी वाकतात आणि तुटतात, आणि बरेचदा वरचं आवरण शाबूत असतं, आतलं तांबं तुटलेलं असतं, त्यामुळे दिसत काहीच नाही. रबर मागे सरकवून एकेक वायर हलकेच ओढून बघा, जी रबरबँडसारखी ताणली जाते ती तुटलेली. जोडताना सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळली जाणारी नळी) चढवा आणि जोड रबराच्या वाकणाऱ्या भागात येऊ देऊ नका, थोडी जास्त लांबीची नवी वायर घालून जोड दोन्हीकडे आत सरकवा.

स्विच तपासायला कनेक्टर काढून कंटिन्युइटी (वीज आरपार जाते का) बघायची, स्विच दाबल्यावर आणि सोडल्यावर रीडिंग स्वच्छ बदललं पाहिजे. रीडिंग तरंगत असेल तर आत कार्बन किंवा गंज आहे, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बऱ्याचदा चालू होतो. लॅचमधला स्विच कधी कधी फक्त सुकलेल्या ग्रीसमुळे अडकलेला असतो. लिमिट स्विचचंही तसंच.

मोटर सगळ्यात शेवटी. ट्रिम (आतलं प्लास्टिकचं आवरण) काढून मोटरचा कनेक्टर मिळवा (जुनं प्लास्टिक थंडीत पटकन तुटतं, गाडी उन्हात तापू द्या, मग क्लिप सुटतात), मीटर लावा आणि कुणाला तरी दार उघडायला-लावायला सांगा. एका दिशेला साधारण १२ व्होल्ट आणि दुसऱ्या दिशेला तेवढेच पण उलट चिन्हाचे दिसले तर कंट्रोल युनिट आणि रिले आपलं काम करतायत आणि दोष मोटरचा किंवा पुढच्या यंत्राचा. एकाच दिशेला येत असेल तर रिले किंवा त्या दिशेचा लिमिट स्विच. काहीच नाही तर मागे चालत जायचं, कनेक्टर ते युनिट, युनिट ते फ्यूज, आणि युनिटची अर्थ. अर्थचा बोल्ट काढून, घासून, परत आवळणं हे पाच मिनिटांचं काम आहे, ते करूनच पुढे जा.

मोटरला थेट बॅटरीवरून वीज देऊन बघता येते, पण जम्पर वायरमध्ये गाडीच्या त्या सर्किटला असतो तेवढाच फ्यूज घाला, आणि क्षण-दोन क्षणच द्या, कारण थेट वीज दिल्यावर लिमिट स्विच तिला थांबवणार नाहीत आणि टोकाला आपटून टेपचे दाते जातील. ट्रॅकमध्ये कुणाचंही बोट नको, मूल गाडीजवळ नको.

ट्रॅक आणि टेप

ट्रॅकमध्ये काय काय सापडतं, नाणी, केसांच्या पिना, सनरूफमधून आलेली पानं, वाळू. आधी व्हॅक्यूम, मग काडीला कापड गुंडाळून पूर्ण लांबी पुसून काढा, काळं झालेलं जुनं ग्रीस निघेपर्यंत. नंतर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ थरात. स्प्रे ऑइल मारायचा मोह होतो, दोन दिवस छान चालतंही, पण ते उडून जातं आणि उरलेल्या चिकट थरावर धूळ बसून ट्रॅक आधीपेक्षा जास्त जाम होतो, शिवाय पट्ट्यावर उडतं ते वेगळंच.

टेपचे दाते झिजले असतील तर चिकटवाचिकटवी नको. नवीन सुटे भाग मिळणं आता कठीण आहे त्यामुळे स्क्रॅपयार्डमधून पूर्ण सेट घ्या, ट्रॅक, टेप, मोटर एकत्र, त्याच बाजूचा आणि त्याच मॉडेलचा, कारण डावा-उजवा एकमेकांचा आरसा असतो. धडक झालेल्या गाडीतला सेट किंवा पट्टा घेऊ नका, कितीही चकचकीत दिसला तरी.

सगळं चालू झालं की पट्टाही बघा, पूर्ण बाहेर ओढून. कडा उसवलेल्या, उन्हाने विटून कडक झालेला, कुठे जळल्याचा किंवा कापल्याचा डाग, असं काही असेल तर पट्टा बदलायचाच, शिवायचा नाही. मळला असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, ब्लीच कधीच नाही. गुंडाळी लॉक होते का ते बघायला रिकाम्या जागी अगदी हळू वेगात ब्रेक दाबून पट्टा अडतो का ते बघा, काही गुंडाळ्या हाताने झटका दिल्यावर लॉक होत नाहीत, गाडीचा वेग अचानक कमी झाला तरच होतात. आणि कॅरियरवरचं इमर्जन्सी बकल दाबून सुटतं आणि परत क्लिक होऊन बसतं ना हेही बघून घ्या, अपघातानंतर वीज गेली तर बाहेर पडायचा रस्ता तोच.

बरेच जण विचारतात की हे काढून साधा हाताने लावायचा पट्टाच का बसवू नये. करता येतं, पण पिलरमध्ये त्या पट्ट्यासाठी कारखान्यातूनच मजबूत केलेली बोल्टची जागा असेल तरच, नुसत्या पत्र्याला भोक पाडून बसवलेला अँकर धडकेत उपटून येतो. शिवाय अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार डीलर किंवा गॅरेज सुरक्षेची यंत्रणा जाणूनबुजून निकामी करू शकत नाही, त्यामुळे ते नाही म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालू नका, आणि स्वतः करणार असाल तर आपल्या राज्याच्या तपासणीचे नियम आधी वाचा. पट्टा मागच्या टोकाला आणून फ्यूज काढून टाकायचा आणि दर वेळी बकलने लावायचा-सोडायचा, हा उपाय सुटे भाग येईपर्यंत काही दिवस ठीक आहे, तेही कॅरियर मागे पूर्ण लॉक झालाय ह्याची हाताने ओढून खात्री केल्यावरच.

दुरुस्तीनंतर दोन्ही दारं, इग्निशन चालू आणि बंद, अशा सगळ्या प्रकारे निदान दहा-बारा वेळा चालवून बघा, प्रत्येक वेळी कॅरियर शेवटपर्यंत जातोय आणि मोटर लगेच थांबतेय हे पाहून मगच ट्रिम परत बसवा.