छोट्या गावच्या रेडिओचा इतिहास लिहायला घेताय? आधी ‘सुरू झाला’ म्हणजे काय ते ठरवा

एमएच्या प्रबंधासाठी मी तालुक्याच्या गावातल्या एका सामुदायिक रेडिओच्या, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या केंद्राच्या, पहिल्या पाच वर्षांचा इतिहास लिहिला. तो जमा करून बराच काळ लोटला, तरी त्यातलं चौदावं पान आठवलं की अजून पोटात कालवतं. कुणी हाच विषय घेणार असेल तर हे वाचून मग गावी जा.

धोरणाचा भाग तुम्हाला ठाऊक असणारच. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं, २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना केंद्र काढायची मुभा मिळाली आणि २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांपर्यंत आली. हे दोन पानांत संपवा. बरेच जण याच प्रकरणावर तीन महिने घालवतात आणि गावात जायला शेवटी पंधरा दिवस उरतात.

मी फसले ती तारखेत. केंद्राच्या भिंतीवर कोनशिला होती, तिच्यावर दसऱ्याची तारीख. संचालकांनी तीच सांगितली, कात्रणांतही तीच. मी लिहून टाकलं: ‘या दिवशी केंद्र सुरू झालं.’ पुढची सगळी कालरेषा तिथून मोजली.

मग एका वाडीवर एक आजी भेटल्या. म्हणाल्या, “उद्घाटन कवा झालं मला न्हाई म्हाईत, पण बेंदराच्या आदल्या दिशी आमी बैलांची शिंगं रंगवत हुतो, तवा त्यो रेडिओ वाजत हुता. एकच ववी दिसभर.” बेंदूर म्हणजे बैलांचा सण, पावसाळ्याच्या तोंडाशी, दसऱ्याच्या साडेतीन-चार महिने आधी. मी वहीत लिहिलं, ‘स्मृतिदोष’. चौदाव्या पानावर तळटीप दिली की ग्रामीण श्रोत्यांच्या आठवणीत वर्षांची सरमिसळ होते. हे मी एका बाईच्या तोंडून ऐकलेल्या, धडधडीत खऱ्या गोष्टीबद्दल लिहिलं.

प्रबंध जमा झाल्यावर ट्रान्समीटरच्या खोलीतली लॉगबुकं बघायला मिळाली. पहिल्याच वहीत, जून महिन्यात, निळ्या शाईत सलग नऊ दिवस एकच नोंद: ‘चाचणी. जात्यावरची ओवी. स. १० ते सायं. ५.’

नीट समजून घ्या. अशा केंद्राला एक जन्मतारीख नसते, निदान पाच असतात. केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचं इरादापत्र, म्हणजे तत्त्वतः मंजुरीचं पत्र, येतं, मग करारावर सह्या होतात, फ्रीक्वेन्सी आणि केंद्र चालवण्याचा परवाना मिळतो, चाचणी प्रसारण होतं आणि सगळ्यात शेवटी पाहुणे फीत कापतात. कोनशिलेवर फक्त पाहुण्यांची तारीख असते. श्रोत्यांचा रेडिओ मात्र चाचणीपासून सुरू झालेला असतो. मोठ्या शहरांतही हेच. मुंबईच्या केंद्राचं उद्घाटन २३ जुलै १९२७ ला झालं आणि तो दिवस आजही राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळतात, पण मुंबईच्या रेडिओ क्लबनं १९२३ मध्येच प्रसारण केलं होतं. म्हणून पाचही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा आणि प्रत्येकीपुढे कागद कोणता ते नोंदवा.

संगणकातल्या फाइलींच्या तारखांवर विसंबू नका. हार्डडिस्क बदलली की अनेकदा कॉपी केल्याचा दिवस दिसतो. जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपलेली असेल तर भलतंच वर्ष दिसतं. आणि पहिले कार्यक्रम सापडले नाहीत तर खचू नका. परवान्याच्या अटीप्रमाणे प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपले की पुरतं, त्यामुळे पैसे कमी असलेल्या केंद्रांनी जुन्यावर नवं ध्वनिमुद्रण केलेलं असतं. यात तुमचा दोष नाही. क्यू शीट (कार्यक्रमांच्या क्रमाची यादी), लॉगबुक, वीजबिलं आणि निवेदकांच्या घरच्या वह्या यांवर काम होतं, चांगलं होतं.

मुलाखतीत तारीख विचारूच नका. पेरणी झाली होती का, घरात कुणाचं लग्न होतं का, कुठला सण जवळ होता, हे विचारा आणि मग त्या वर्षाचं पंचांग काढा. बेंदूर म्हणाले तर कुठला ते विचारा, कारण कर्नाटकी आणि महाराष्ट्री बेंदूर एका दिवशी येत नाहीत. आजींचा कर्नाटकी होता, ज्येष्ठी पौर्णिमेचा. पंचांगातला आदला दिवस लॉगबुकातल्या नऊ दिवसांपैकी सहावा निघाला.

मार्गदर्शकांबद्दल एक सांगते. ‘संचालकांची मुलाखत घे, बाकी जमवून टाक’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग ते कितीही मोठे असोत. संचालक बहुतेक वेळा उद्घाटनाला हजर असतात. खांबावर चढून अँटेना बसवणारा, रात्री वायर जोडणारा तंत्रज्ञ आणि पहिल्या दिवशी घशाला कोरड पडलेली निवेदिका, या दोघांना आधी गाठा. ती माणसं गाव सोडून गेलेली असतात, फोन लागत नाहीत, चार खेपा फुकट जातात. जाऊ देत. पाचव्या खेपेला माणूस भेटतो.

विद्यापीठात जमा झालेली प्रत बदलता येत नाही. मी दुरुस्तीची दोन पानं छापून केंद्राच्या कपाटातल्या प्रतीला जोडली आणि आजींकडे गेले. लॉगबुकातली नोंद वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि ती ओवी मला पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवली. या वेळी मी ती तारखेसकट ध्वनिमुद्रित केली.