जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर घरच्या घरी कसे बदलायचे

सकाळी सेल मारला की गाडी दोन-चारदा खोकते मग कुठे चालू होते, आयडलला थरथरते, चढावर पिकअप नाही, मागून धूर. एवढं दिसलं की जो तो म्हणतो इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) गेले. गेलेही असतील, पण चार इंजेक्टर विकत घ्यायच्या आधी डिझेल फिल्टर नवा टाकून बघा आणि लाइन कुठे हवा धरतेय का तेही बघा, कारण चोंदलेल्या फिल्टरनेसुद्धा हेच सगळं होतं आणि तो थोडक्यात उरकणारा खेळ आहे.

कॉमन रेल गाडी (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जाड पाइपातून मोठ्या प्रेशरने डिझेल देणारी) असेल तर मग रिटर्न टेस्ट करा, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल मोजा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक पारदर्शक नळी लावायची, चार सारख्या बाटल्यांत सोडायची, टाकीकडे जाणाऱ्या रिटर्न लाइनचं तोंड बंद करायचं आणि इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवायचं. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय, डिझेल सिलिंडरमध्ये जायच्या ऐवजी मागे पळतंय. (पिएझो इंजेक्टरवर, म्हणजे कॉइलऐवजी विजेने ताणल्या जाणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्यांवर, ही बाटल्यांची युक्ती चालत नाही, त्यांना रिटर्नमध्ये प्रेशर लागतं.) आणि थंड इंजिनवर फुस-फुस-फुस आवाज येतोय, इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा कडक थर जमलाय, असं असेल तर इंजेक्टर बहुतेक ठणठणीत असतो, फक्त खालचं तांब्याचं वॉशर गळतंय. कितीतरी चांगले इंजेक्टर या एका वॉशरपायी भंगारात जातात.

आता सेफ्टी, आणि हे वाचून सोडून देऊ नका. गाडीच्या टायरमध्ये साधारण २ बार प्रेशर असतं, कॉमन रेलमध्ये आयडललाच २५० ते ३०० बार आणि रेस दिली की हजाराच्या वर. अशी बारीक धार कातडीतून सरळ आत घुसते, वरून टाचणी टोचल्याएवढीच दिसते पण आतलं मांस खराब होतं, तसं झालं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. म्हणून चालू इंजिनवर एकही नट सैल करायचा नाही, लीक हाताने चाचपायचं नाही, आणि इंजिन बंद केल्यावर प्रेशर उतरायला वेळ द्यायचा. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

उघडायच्या आधी ब्रशने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने सगळी जागा झाडून घ्या. इंजेक्टरच्या आतली फट २-३ मायक्रॉनची असते, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कण पण नवा इंजेक्टर खाऊ शकतो. प्रत्येक उघड्या तोंडाला लगेच टोपण लावायचं, टोपणं नसतील तर काम सुरूच करू नका. आणि धागे सुटणारी चिंधी जवळपासही नको.

वायरचे कनेक्टर काढा, त्यांची प्लास्टिकची खुंटी जुनी असली की पटकन तुटते, जपून. मग रिटर्न नळ्यांच्या क्लिपा. मग जाड प्रेशर पाइप: इथे दोन पाने लागतात, एकाने इंजेक्टरचा षटकोन धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने पाइपचा नट सोडायचा, नाहीतर पिळ इंजेक्टरवर जातो. कुठला इंजेक्टर कुठल्या सिलिंडरचा ते मार्करने लिहून ठेवा आणि एक फोटोही काढा.

क्लॅम्पचा (इंजेक्टर दाबून धरणाऱ्या पट्टीचा) बोल्ट काढला की इंजेक्टर हातात येईल असं वाटतं. येत नाही. जुन्या इंजिनात कार्बनने तो असा धरून बसतो की विचारू नका. आदल्या रात्रीच कडेने पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवा, इंजिन कोमट असताना काम करा, आणि पान्याने धरून थोडा इकडे थोडा तिकडे फिरवत मोकळा करा. तरी नाही निघाला तर स्लाइड हॅमर (दांड्यावर वजन सरकवून ठोके देत बाहेर ओढायचं हत्यार). वरचं कॉइलचं डोकं पकडून खेचू नका आणि व्हॉल्व्ह कव्हरवर टेकवून पहारीसारखं उचकटू नका, दोन्हीपैकी काहीतरी मोडतंच.

आता खरं काम, ज्यावर मी एकदा पूर्ण रविवार घालवलाय. इंजेक्टर निघाला, खाली वॉशर दिसलं नाही, मला वाटलं पडलं असेल कुठेतरी, नवं घातलं आणि बसवून टाकलं. गाडी चालू केली तर तोच फुस-फुस आवाज, आधीपेक्षा जोरात. परत सगळं उघडून टॉर्च मारला तर काजळीने काळं झालेलं जुनं वॉशर भोकाच्या तळाशी चिकटून बसलेलं, नवं त्याच्यावर. बारीक हुकाने काढलं तेव्हा कुठे खाली तांब्याचा रंग दिसला. म्हणून इंजेक्टर काढले की वॉशर मोजा, जेवढे इंजेक्टर तेवढी हातात आलीच पाहिजेत. नवं वॉशर त्याच जाडीचं, कारण जाडी बदलली की नोझल (इंजेक्टरचं फवारणारं टोक) किती आत येतं तेही बदलतं.

सीट (वॉशर टेकतं तो तळ) साफ करताना तळाच्या बारीक भोकात ग्रीस लावलेला कापडाचा बोळा बसवा म्हणजे कचरा सिलिंडरमध्ये जाणार नाही, मग ब्रश नाहीतर सीट कटर हलक्या हाताने फिरवा. तळ एकसारखा चकचकीत दिसेपर्यंत. शेवटी व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि बोळा आठवणीने काढा.

बसवताना इंजेक्टरच्या अंगाला सिरॅमिक ग्रीसचा पातळ हात, टोकाला अजिबात नाही. क्लॅम्प ठेवा, प्रेशर पाइपचे नट आधी बोटांनीच पूर्ण फिरवा म्हणजे इंजेक्टर आपोआप सरळ बसतो, मग क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क रेंचने आणि सगळ्यात शेवटी पाइप. टॉर्कचा आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच घ्या. बऱ्याच इंजिनांत क्लॅम्पचा बोल्ट ताणला जाणारा असतो, टॉर्क देऊन वर ठराविक अंश फिरवायचा, तो एकदाच वापरायचा.

बऱ्याच कॉमन रेल इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. तो स्कॅनरने ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) सिलिंडरप्रमाणे टाकावा लागतो, नाहीतर नवे इंजेक्टर घालूनही गाडी खडखडत राहते. बसवल्यावर कोड दिसेलच असं नाही, म्हणून आधीच लिहून घ्या.

कॉमन रेलच्याही आधीची, मेकॅनिकल पंपाची गाडी असेल तर काम खूपच सोपं. बऱ्याच इंजिनांत इंजेक्टर आट्यांवर बसतो, खोल गोटीने (सॉकेटने) सुटतो, कोडबिडची भानगड नाही. फक्त खालचं उष्णता अडवणारं वॉशर नवं घ्या, ते वाटीसारखं असतं, कुठली बाजू वर ते जुनं काढतानाच बघून ठेवा.

शेवटी हवा काढणे. हँड पंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा. मेकॅनिकलमध्ये इंजेक्टरकडचे नट जरा ढिले ठेवून, तोंड-हात लांब ठेवून, सेल मारत हवा काढतात. कॉमन रेलमध्ये हे चुकूनही करायचं नाही. सेल एका वेळी दहा सेकंदच मारा, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. सुरुवातीला गाडी मिसिंग करेल, धूर टाकेल, थोड्या वेळाने सरळ होते. मग प्रत्येक जोडाजवळ पुठ्ठा धरून बघा, ओला झाला तर इंजिन बंद करून, थांबून, तो नट पुन्हा बघायचा. आणि दोन दिवस गाडी चालवल्यावर एकदा थंड इंजिनवर बॉनेट उघडून ऐका आणि इंजेक्टरच्या बुडाशी टॉर्च मारा, कोरडं असेल तर वरचं प्लास्टिक कव्हर तेव्हा बसवा.