ब्लुआ ते शांबोर: लुआरकाठी दिवसभर सायकल

फ्रान्समध्ये लुआर नदीकाठच्या ब्लुआ शहरातून शांबोरच्या महालापर्यंत जाऊन-येऊन साधारण 40 किमी, रस्ता जवळजवळ सपाट. ब्लुआला भाड्याची सायकल घेताना सीट नीट करून घ्या: टाच पेडलवर ठेवली की पाय खाली सरळ व्हायला हवा. मग ब्रेक तपासा. आपल्याकडे उजवा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो, फ्रान्समध्ये डावा. घाईत सवयीने डावा करकचून दाबला, तर मागचं चाक उचलतं. रिकाम्या जागी दहा मिनिटं सराव कराच. पंक्चरचं सामान आणि त्या सायकलच्या व्हॉल्व्हला बसणारा पंपही मागून घ्या.

पूल ओलांडून डाव्या काठाला लागा आणि ‘लुआर आ व्हेलो’ या सायकलमार्गाच्या पाट्या धरून सँ-दिये-स्युर-लुआरमार्गे शांबोर गाठा. चालवायचं उजवीकडून. गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. नवख्यांची चूक इथेच होते.

वारा बहुतेकदा पश्चिमेचा, म्हणजे जाताना पाठीवर. त्यामुळे वेग सहज मिळतो आणि परतीला दम लागतो. निम्म्याहून जास्त ताकद परतीसाठी राखा.

जेवणाची वेळ 12 ते 2. नंतर स्वयंपाकघरं बंद होतात, सोमवारी कित्येक बेकऱ्याही. पाव, चीज, फळं आणि माणशी दीड लिटर पाणी ब्लुआतूनच घ्या. 1519 मध्ये बांधायला घेतलेल्या या महालाला दोन तास तरी द्या. दुहेरी गोल जिना आधी बघा, मग गच्ची.