गूळ-भाजीची फुल गाडी बाहेरच्या राज्यात पाठवताय? महिनाअखेर टाळा

मंडळी, दसरा झाला, गुऱ्हाळं पेटली, आपल्या कोल्हापूरच्या शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात ढोबळी, कोबी, फ्लॉवर निघायला लागला, म्हणजे आता संक्रांतीपर्यंत सगळ्यांचा सकाळी एकच फोन, गाडी हाय का गाडी. गेल्या काही सीझनला मी स्वतः गूळ गुजरातला आणि भाजी गोव्याला फुल लोडनं पाठवतोय, त्यातनं जे कळलं ते लिहितो, कारण पिकवायला आपण कमी पडत नाही पण पैसा जातो तो गाडीत माल चढल्यावर.

पहिली गोष्ट, गाडी का मिळत नाही ते समजून घ्या. आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित एमआयडीसी, तिथल्या फौंड्र्यांचं कास्टिंग (लोखंडाचे ओतीव भाग) पुण्याला, चेन्नईला, बेंगळुरूला जातं, आणि कारखान्याला त्या महिन्याची बिलं त्याच महिन्यात बसवायची असतात म्हणून २५ तारखेनंतर त्यांचा डिस्पॅच एकदम चढतो. आपण शेतकरी आणि ते कारखानदार एकाच अड्ड्यावरच्या गाड्या मागतो हे आपल्या डोक्यातच येत नाही. त्या चार-पाच दिवसांत ट्रान्सपोर्टवाला आपला फोन उचलत नाही, उचलला तर भाडं वाढवूनच सांगतो, आणि मार्चअखेर तर विचारूच नका. त्यामुळं गूळ असेल तर ५ ते २० तारखेच्या मध्ये लोड करा, गूळ आठ दिवस थांबतो, फक्त कोरड्या जागी ठेवा. भाजी थांबत नाही, तिथं तोडणीच्या चार दिवस आधीच गाडी ठरवून ठेवा, तोडून ढीग लावून मग फोन फिरवू नका. दिवाळीच्या आठवड्यात बाहेरचे ड्रायव्हर गावाला जातात, तेव्हा छठ उरकेपर्यंत गाड्या कमीच असतात.

दुसरं म्हणजे रिटर्न भाडं. गुजरातला गूळ पाठवायचा असेल तर गुजरात पासिंगची, म्हणजे तिकडच्या नंबरची गाडी शोधा. मोरबीहून टाईल्स घेऊन ज्या गाड्या कोल्हापुरात येतात त्या इथं खाली होतात आणि त्यांना परत जायला माल पाहिजेच असतो, रिकामं हजारावर किलोमीटर जाण्यापेक्षा तो ड्रायव्हर कमी भाड्यात तयार होतो. टाईल्सच्या दुकानदाराशी ओळख ठेवा, गाडी कधी खाली होणार ते त्याला आधी कळतं. मी असं करायला लागल्यापासून दलालाकडं जाणं जवळपास बंदच झालंय.

पण गाडी आली की लगेच भरू नका, आधी हौद्यात चढा. कास्टिंग नेलेली गाडी असेल तर फळ्यांवर ऑईल असतं, लोखंडाचा चुरा असतो, खिळे वर आलेले असतात, आणि गूळ वास आणि ओल दोन्ही ओढून घेतो. झाडून घ्या, खाली कोरडा भुसा नाहीतर प्लॅस्टिक टाका आणि ताडपत्री उजेडात धरून भोकं बघा. हे मी एवढं जीव तोडून सांगतोय कारण एकदा माझी गाडी अवकाळीत सापडली, ताडपत्री फाटकी होती, वरच्या थरातले गुळाचे रवे (ढेपा) भिजून पाझरले. तिकडं उतरवून घेणाऱ्या माणसानं पोचवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, काहीही न लिहिता सही केली, आणि ट्रान्सपोर्टवाला म्हणाला माल नीट मिळाल्याची सही आहे की. नुकसान सगळं माझ्या अंगावर.

तेव्हापासून बिल्टी, म्हणजे माल भरताना ट्रान्सपोर्टवाला देतो ती पावती, मी स्वतः वाचतो. नुसतं 'गूळ' असं लिहून देऊ देत नाही, रवे किती, एकूण वजन किती आणि मालाची किंमत किती हे लिहून घेतो. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यात असं आहे की किंमत जाहीर करून जादा जोखमीचं ठरवलं नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते, आणि नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर भांडून उपयोग नाही, पोचवर शेरा मारायला लावा आणि फोटो काढून ठेवायला सांगा.

वजनाचं पण बघा. सहा चाकी गाडीला गाडीसकट १८.५ टन आणि दहा चाकीला २८.५ टन ही मर्यादा आहे, त्यातनं गाडीचं स्वतःचं वजन गेलं की उरतं तेवढंच आपलं. ड्रायव्हर म्हणतो दोन टन जादा चालतंय, पण धरलं तर २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा खर्च वेगळा. भाजी रस्त्यावर उतरवली म्हणजे गेलीच की. रिकामी आणि भरलेली, दोन्ही काटा पावत्या घ्या.

ई-वे बिलाचा, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायच्या ऑनलाइन कागदाचा, घोळ खूप जण करतात. ताजी भाजी आणि सुटा गूळ याला जीएसटी नाही म्हणून ई-वे बिल लागत नाही, पण साधं बिल गाडीत पाहिजेच. मात्र तुम्ही किलो-अर्धा किलोचं पॅकिंग करून लेबल लावून पाठवत असाल तर जुलै २०२२ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि माल ५० हजारांच्या वर गेला की ई-वे बिल काढावंच लागतं. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे अहमदाबादला साधारण पाच दिवस मिळतात. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नव्या गाडीचा नंबर ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये (गाडीच्या माहितीचा भाग) भरायला विसरू नका.

भाडं ठरवतानाच वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) कोण देणार आणि गाडी किती तास फुकट उभी राहणार ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको. समोरचा बाजार सुट्टीचा आहे का हे न विचारता गाडी सोडली तर हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, आपल्याच माथी बसतं.

आता रस्ता. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर नसतो, ड्रायव्हरला कागल-निपाणी टप्पा सावकाश काढायला सांगा. उसदराचं आंदोलन पेटलं की शिरोलीच्या पुलाजवळ हायवे अडतो, त्या दिवशी भाजीची गाडी सोडूच नका. कर्नाटक सीमेवरचं कोगनोळी ओलांडून बेळगावकडं जाणाऱ्यांनी १ नोव्हेंबरचा सीमाप्रश्नाचा काळा दिवस आणि डिसेंबरात तिथं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू असतं ते दिवस बघून ठरवा, ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले होते. गोव्याला जायचं असेल तर आंबोलीचा घाट जड गाड्यांना चालू आहे का ते निघायच्या आधी आजऱ्याच्या कुणा ओळखीच्या माणसाला फोन करून विचारा, घाटाच्या तोंडाशी जाऊन परत फिरायची पाळी आली तर पहाटेचा बाजार हुकतो आणि ढोबळी दुसऱ्या दिवशीच्या भावानं जाते.