हॉटेलच्या खोलीत परदेशी व्होल्टेजचे सॉकेट बसवताना या चुका टाळा

२३० व्होल्टच्या इमारतीत पाहुण्यांसाठी ११५-१२० व्होल्टचे सॉकेट द्यायचे, तर प्लगचा आकार आणि विजेचा दाब हे दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. त्यांची गल्लत झाली की उपकरणे जळतात.

अमेरिकी सॉकेटला थेट २३० व्होल्ट जोडणे

दोन चपट्या आणि एका गोल पिनेचे अमेरिकी सॉकेट (नेमा ५-१५) १२५ व्होल्ट, १५ अँपिअरसाठी बनवलेले असते. त्याला २३० व्होल्ट दिले तरी मोबाइलचे चार्जर चालतात, कारण बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट छापलेले असते. म्हणूनच ही चूक लपून राहते. एक दिवस कोणी १२० व्होल्टचा हेअर ड्रायर तिथे लावतो. त्याची तार साडेतीन पटींहून जास्त वीज ओढते आणि ड्रायर जळतो.

पाहुण्यांची गरज फक्त चार्जिंगची असेल, तर यूएसबी सॉकेट द्या आणि ट्रान्सफॉर्मरचा (विजेचा दाब बदलणाऱ्या यंत्राचा) विचार सोडा. आमच्या मते बहुतेक खोल्यांना तेवढे पुरते.

ट्रान्सफॉर्मरचे संरक्षण फक्त २३०च्या बाजूला ठेवणे

समजा ५०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर आहे. पूर्ण लोडवर तो २३०च्या बाजूने सुमारे २.२ अँपिअर घेतो आणि मागे ६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहावर आपोआप पडणारा ब्रेकर) असतो. पाहुण्याने १८७५ वॅटचा ड्रायर लावला की प्रवाह ८ अँपिअरच्या आसपास जातो. ६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या जादा लोडवर लगेच पडत नाही, बराच वेळ तग धरतो. तोवर बंद कपाटातला ट्रान्सफॉर्मर भाजून निघतो. म्हणून १२०च्या बाजूला ४ अँपिअरचा वेगळा ब्रेकर बसवा, सॉकेटवर कमाल वॅट स्पष्ट लिहा आणि बाथरूममध्ये २३० व्होल्टचा ड्रायर कायमचा लावून ठेवा. या शेवटच्या उपायाने निम्मा त्रास मिटतो.

स्वस्त म्हणून ऑटोट्रान्सफॉर्मर घेणे

यात एकच गुंडाळी असते, त्यामुळे दोन्ही बाजू विजेने जोडलेल्या राहतात. मागे फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर सॉकेटच्या न्यूट्रलवर जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्ट येतात. गुंडाळीचा सामाईक भाग तुटला, तर मोठा दाब थेट उपकरणावर जातो. वेगळ्या गुंडाळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच घ्या.

आयसोलेशन केले, अर्थिंग विसरले

मुख्य बोर्डावरच्या आरसीडीला (गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचला) ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची गळती दिसत नाही. अर्थ पिन असलेले सॉकेट द्यायचे, तर १२० व्होल्टच्या गुंडाळीचे एक टोक ट्रान्सफॉर्मरपाशी, एकाच ठिकाणी, अर्थला जोडा. ते टोक म्हणजे न्यूट्रल. त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीडी लावा आणि तो १२० व्होल्टवर चालणारा आहे याची खात्री करा. २३०साठी बनवलेल्या आरसीडीचे टेस्ट बटण कमी दाबावर काम करेलच असे नाही. बाथरूममधल्या शेव्हर सॉकेटचे मात्र उलट आहे: त्याचा २० ते ५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण अलग ठेवायचा, आउटपुट अर्थला अजिबात जोडायचे नाही.

की-कार्ड घातले की एमसीबी पडतो

आणि तोही कधी पडतो, कधी नाही. सदोष एमसीबी समजून तो बदलला जातो, तरी तक्रार राहते. कार्डामुळे खोलीची वीज चालू होते आणि ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह खेचतो, गोल गाभ्याचा टोरॉइडल तर जास्तच. वीज लाटेच्या कोणत्या टप्प्यावर असताना चालू झाली यावर तो प्रवाह ठरतो, म्हणून दोष एकसारखा दिसत नाही. ‘बी’ प्रकारचा एमसीबी त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या तीन ते पाच पट प्रवाहावर लगेच पडतो, ‘डी’ प्रकारचा दहा ते वीस पटींवर. ‘डी’ प्रकार किंवा सॉफ्ट-स्टार्ट (सुरुवातीचा प्रवाह आवरणारे साधन) वापरा.

पेटी आणि जोडणी

अमेरिकी सॉकेटच्या स्क्रूंमधले अंतर ८३.३ मिमी असते, युरोपीय पेटीत ६० मिमी. प्लास्टर करण्याआधीच योग्य पेटी बसवा. पितळी स्क्रूला फेज, चंदेरीला न्यूट्रल, हिरव्याला अर्थ. रुंद फट न्यूट्रलची.

ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, हर्ट्झ नाही. ६० हर्ट्झचे मोटारीचे घड्याळ ५० हर्ट्झवर तासाला दहा मिनिटे मागे पडते आणि मोटारी तापतात. पाटीवर ‘११५ व्होल्ट, ५० हर्ट्झ’ असेच लिहा.

मीटरने शेवटची तपासणी

अरुंद फट ते अर्थ ११५-१२० व्होल्ट आणि रुंद फट ते अर्थ जवळपास शून्य यायला हवे. हे आकडे उलटे आले, तर फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली आहे. दोन्हीकडे ५५-६० व्होल्ट दिसले, तर न्यूट्रल-अर्थची जोडणी राहून गेली आहे, किंवा गुंडाळीच्या मधल्या टोकाला अर्थ दिलेला ट्रान्सफॉर्मर चुकून आला आहे. पुढचा हात लावण्याआधी मागचा पुरवठा बंद करा.