फेझंटच्या पिसांपासून सॉफ्ट हॅकल फ्लाय कशी बांधावी

इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये नदीवरचा ब्राउन ट्राउट या माशाच्या मासेमारीचा हंगाम ३० सप्टेंबरला संपतो आणि दुसऱ्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, फेझंट या लांब शेपटीच्या, कोंबडीच्या कुळातल्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. तो १ फेब्रुवारीपर्यंत चालतो. मासेमारीची काठी कोपऱ्यात उभी राहते त्याच महिन्यांत खेड्यातल्या खाटकाकडे पिसांसकट फेझंट मिळू लागतात. पुन्हा ट्राउटसाठी नदीवर जायचं ते २५ मार्चला. लीड्सला राहायला आल्यापासून माझ्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी या पिसांच्या फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेले बनावट किडे, करण्यातच जातात.

सॉफ्ट हॅकल म्हणजे गळाच्या नेढ्यामागे (दोरी ओवायच्या भोकामागे) मऊ पिसाचे एक-दोन वेढे दिलेली, पाण्याखाली चालणारी फ्लाय. वेढलेल्या या पिसालाच हॅकल म्हणतात. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस लागतं. इथे उलट आहे. प्रवाह लागला की तंतू मागे झुकले पाहिजेत, ढिलावला की पुन्हा उघडले पाहिजेत. तळातून वर येऊन पंख सोडवू पाहणारा मेफ्लायसारखा किडा असाच हातपाय हलवतो, आणि ट्राउट त्यालाच टिपतो. उत्तर इंग्लंडच्या जुन्या फ्लायमध्ये यासाठी करड्या पार्ट्रिजचं (तितरासारख्या पक्ष्याचं) पीस वापरत. तो पक्षी आता ब्रिटनमध्ये फार कमी झाला आहे. फेझंट मात्र दरवर्षी कोट्यवधींनी पाळून सोडले जातात, म्हणून मी त्यांच्याकडे वळलो.

पिसं घरी आणली की आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून हलक्या हाताने धुवा आणि वर्तमानपत्रावर पूर्ण वाळवा. मग बंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. पिसू आणि कसर लागलेलं एक पीस अख्खा डबा खाऊन टाकतं, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

आता निवड. मादीच्या पाठीवरची आणि खांद्यावरची ठिपकेदार तपकिरी पिसं पार्ट्रिजच्या सर्वांत जवळची. पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्याजवळ, नखाएवढी बारीक पिसं असतात. १४ आणि १६ नंबरच्या गळांसाठी (नंबर जितका मोठा तितका गळ लहान) तीच हवीत, आणि नेमकी तीच लोक फेकून देतात. नराच्या मानेजवळची तांबूस-सोनेरी पिसं चमकदार पण किंचित कडक असतात. कमरेवरची हिरवट-करडी पिसं मऊ, लांब, म्हणून १० किंवा १२ नंबरला बरी. नराच्या शेपटीचे तांबूस तंतू फ्लायच्या अंगासाठी. विल्टशरमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी आपली प्रसिद्ध निम्फ (पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लाची नक्कल करणारी फ्लाय) याच शेपटीच्या तंतूंची केली, आणि तीही दोरा न वापरता नुसत्या बारीक तांब्याच्या तारेने.

पीस रंगावर भाळून निवडू नका, लांबी बघा. गळाशेजारी पीस धरा. तंतू नेढ्यापासून गळाच्या बाकापर्यंत किंवा अगदी थोडे पुढे पोचले की माप बरोबर. मग वाटीभर पाण्यात ते चिमट्याने धरून खालीवर हलवा. तंतू सुटे होऊन उघडमीट करत असतील तर ठेवा, पाण्यातही कंगव्यासारखे ताठ राहिले तर बाजूला काढा.

बांधायला १४ नंबरचा गळ घ्या आणि व्हाइसमध्ये (गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात) घट्ट बसवा. नेढ्यामागे दोनेक मिलिमीटर जागा सोडून बारीक दोरा गुंडाळायला सुरुवात करा आणि बाकाच्या तोंडापर्यंत जा. तिथे तांब्याची तार बांधा. शेपटीचे तीन-चार तंतू टोकांकडून बांधा. दोरा पुढे आणा, तंतू शेजारी-शेजारी वेढत दांडीच्या दोन-तृतीयांशापर्यंत न्या आणि बांधून टाका. तारेचे चार-पाच वेढे उलट्या दिशेने, अंतर सोडून द्या. हे तंतू माशाच्या दातांनी लगेच तुटतात, उलटी तार त्यांना धरून ठेवते. पुढे सशाच्या कानाच्या लोकरीची अगदी चिमूटभर वळी दोऱ्यावर पिळून दोन वेढे द्या. हा लहानसा गोळा हॅकलला मागून आधार देतो. तो नसेल तर जोराच्या प्रवाहात तंतू अंगाला चिकटून बसतात.

मग हॅकल. पिसाच्या बुडाची लव काढून टाका. टोक एका हाताच्या चिमटीत धरा आणि बाकीचे तंतू दुसऱ्या हाताने बुडाकडे ओढा, म्हणजे टोकाचा छोटा त्रिकोण वेगळा होईल. तो त्रिकोण नेढ्यामागे बांधा, पिसाची पोकळ बाजू गळाच्या बाकाकडे येईल असा. टोकाकडून बांधायचं कारण, तिथे कणा बारीक असतो आणि वेढा सपाट बसतो. कणा बोटांनी किंवा हॅकलच्या चिमट्याने धरून हळू फिरवा. प्रत्येक वेढ्याला तंतू मागे विंचरून घ्या.

दीड वेढा. फार तर दोन. सुरुवातीला मी पाच वेढे द्यायचो आणि फ्लाय दिसायला भरगच्च व्हायची, पण पाण्यात तिचा एक घट्ट गोळा होई. दोन-तीन माशांनी चावून निम्मे तंतू तोडलेली फ्लाय मात्र जास्त चालू लागायची. तेव्हापासून मी आधीच कमी बांधतो. दहा-बारा तंतू सुटे उभे दिसले की थांबा.

छोटी पिसं संपली आणि हाती फक्त मोठी उरली, तर ती टाकू नका. तंतू काटकोनात ओढून टोकं एका रेषेत आणा आणि बारा-पंधरा तंतूंचा झुबका खुडा. ही पद्धत अंगाच्या आधी करायची. झुबक्याची टोकं नेढ्यापुढे, हव्या त्या लांबीने, बाहेर ठेवून दोन सैल वेढे द्या. वेढे आवळता आवळता बोटाने झुबका ढकला, तो दांडीभोवती गोल पसरतो. जादा बुडं कापा. मग अंग पूर्ण करा, दोरा तंतूंच्या मागे आणा. संपलेल्या बॉलपेनची नळी पुढून सरकवली की सगळे तंतू एकदम मागे वळतात. दोरा त्यांच्यापुढे आणून चार वेढे द्या. या युक्तीमुळे नराच्या कमरेचं लांब पीससुद्धा १६ नंबरला बसतं.

डोकं लहान ठेवा. दोऱ्याच्या फासात चार वेढे गुंडाळून तो ओढला की गाठ बसते. वर वॉर्निशचा एकच थेंब, सुईच्या टोकाने. नेढं बुजलं तर नदीवर थंड बोटांनी ते मोकळं करणं फार त्रासाचं.

काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउट आणले गेले. त्यामुळे तिथल्या लिद्दर नदीवर किंवा हिमाचलच्या तीर्थन नदीवर मासेमारीला जाणारे मित्र तिकडच्या पक्ष्यांच्या पिसांबद्दल विचारतात. मोनाल, कालिज हे रानफेझंट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. जंगलात पडलेलं पीसही उचलू नका. गावठी कोंबडीच्या मानेची आणि खांद्याची मऊ तपकिरी पिसं घ्या. बांधणीची रीत तीच.

पाण्यावर गेलात की फ्लाय प्रवाहाच्या थोडी वरच्या बाजूला, आडवी टाका आणि दोरी फार न ताणता वाहू द्या. समोरून खाली जाऊन ती प्रवाहात वळू लागली की काठी हळू उचला. तंतू त्याच क्षणी मिटून उघडतात. बहुतेक झटके मला तिथेच बसले आहेत.